अर्धेली

बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर
अर्जुनीला दीड मिनिट थांबते.
तेवढ्यात मी, माझी सूटकेस
आणि एका बाईच्या टोपलीतल्या तीन कोंबड्या
असे सगळे उतरलो.
सूटकेसची चाकं चिचटोल्याच्या मुरमात
पहिल्याच दिवशी गेली.

सव्वीस वर्षं मी विम्याचे दावे तपासले,
निगडीत, तिसऱ्या मजल्यावर.
जनावरांच्या फायली माझ्याकडे.
कानातला बिल्ला सादर नाही, सबब दावा नामंजूर:
हे वाक्य इतक्यांदा लिहिलं
की शेवटी शिक्काच करून घेतला.

फुलवंता मरसकोल्हेनं परसातली खोली दिली.
महिन्याला आठशे.
बोडीतले मासे निघाले की माझा वाटा वेगळा.
"पैसे बँकेत कायले ठेवता जी,
तिथं पैशाले पिल्लं होत नाईत."
होतात, म्हणालो, सात टक्के.
ती हसली नाही. खरंच विचारात पडली:
"सात टक्के मंजे किती पाय?"

तर तीन बकऱ्या. अठरा हजार. अर्धेली.
पैसा माझा; चारा, पाणी, राखण तिची.
पिल्लं निम्मी निम्मी,
विषम आलीच तर शेवटचं
जिच्या हातावर जन्मलं तिचं.
कागद नाही, सही नाही,
तिच्या दिरानं ओसरीवर बसून ऐकलं, एवढंच.
मी रात्री लॅपटॉपवर तक्ता मांडला.
वेत, दाणा, औषध, मरतुक पाच टक्के.
पाचव्या वर्षी माझ्या रकान्यात
एकशे चार बकऱ्या उभ्या होत्या.

रोवणीला मलाही बांधीत उतरवलं.
माझी ओळ वाकडी गेली,
बायांनी तिला माझं नाव दिलं,
आणि धान निसवेपर्यंत
वाटेनं जाणारा प्रत्येक जण ती ओळखायचा.

मंडईच्या रात्री ट्रॉलीत बसून
बारा किलोमीटरवर नाटकाला गेलो.
पोतं आपलं, जमीन त्यांची.
खलनायकाचा आवाज पहाटेपर्यंत थकला नाही.
परतलो तेव्हा धुक्यात बांध बुडालेले
आणि कोठ्यापाशी माणसं उभी.

ताटी फाडून बिबट्यानं
पांढऱ्या पायाची नेली होती.
माझी पाच टक्के.

फुलवंता उन्हं चढल्यावर जंगलातून आली.
पायाला काटे, पदराला कुसळं.
माझ्यासमोर पळसाचं पान ठेवलं,
उलगडलं.
एक कान.

"तुमाले वाटू नये जी, इकली मनून."

त्याला बिल्ला नव्हता. विमा काढलाच नव्हता आम्ही;
मला सुचलं नाही, मला!
सव्वीस वर्षांत मी एकही कान पाहिला नव्हता.
फोटो पाहिले होते, धूसर,
कोपऱ्यात कुणाची तरी बांगडी आलेली.
बांगडीकडे मी कधी बघितलं नाही,
तो रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझ्या खुंटीला
तिच्या वाट्याची एक पाठ बांधलेली,
दोन महिन्यांची, लांब कानांची.
मी सोडून तिकडे नेली.
तिनं आणून बांधली. "राखन माही होती."
मी सोडली. तिनं बांधली.
पाठ बिचारी दोन्हीकडे पाला खात राहिली.
तिसऱ्यांदा देवचंद आला, तिचा पोरगा,
हळूच म्हणाला, "काका, राहू द्या,
आईले रातच्याले झोप नाई."

राहू दिली.

गेल्या महिन्यात बँकेच्या कामानं पुण्याला निघालो.
भुसावळच्या पुढे समोरच्या गृहस्थानं
डबा उघडता उघडता विचारलं,
निवृत्त ना? मग पैसा कुठे घातलाय?
दोन बकऱ्या आणि एक पाठ, म्हणालो.
तो हसला, मग थांबला,
मग फोन काढून विचारलं, सांभाळतं कोण,
विश्वासातलं आहे का?
मी नाव सांगितलं.
त्यानं भलतंच काहीतरी टाइप केलं.
मरसकोल्हे, म्हणालो,
र नंतर स.
नीट लिहा.